गुळासाठी थांबणारी जोडी

आम्ही गाव सोडलं ते भर दुपारी. आईनं चूल पेटती ठेवली होती, म्हणजे धूर बघून लोकांना वाटावं, माणसं घरातच आहेत. दाराला कडीसुद्धा घातली नाही. गाडीत आठ महिन्यांची पोटुशी वहिनी बसली, तिला धरून मी. हद्द जेमतेम दोन कोसांवर. पलीकडं वऱ्हाड, तिथं निजामाचा अंमल नव्हता. वहिनीला सुखरूप तिकडं पोचवायचं, एवढंच काम होतं.

तुम्ही जिंतूरकडचे लोक भेटलात की विचारता, सगळे परत आले, तुम्हीच का नाही? मी चहा पुढं करते आणि विषय बदलते. आता वय झालं. लिहून टाकते.

त्या दुपारी माझ्या भावानं, धोंडूदादानं, कामाचे बैल गोठ्यात ठेवून शर्यतीची जोडी जुंपली. बाबा म्हणाले, "आरं, कामाचे जुंप. ह्ये वाटंनं चालनारे बैल न्हाईत."

"ह्येंना त्या जहागीरदाराच्या हाती देऊन जाऊ? मला न्हाई जमायचं."

बाबांनीच मग जू उचलून धरलं. तिथंच आम्ही चुकलो.

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, तेव्हा दादाच्या तोडीचा छकडीवाला आमच्या भागात नव्हता. पाखऱ्या आणि बिजल्या, हलकी छकडी, दोघांच्या शेपट्या मुठीत, आणि त्याची ती आरोळी. चारठाण्यापासून वऱ्हाडापर्यंत त्यानं पट मारले. बक्षिसाचं पागोटं घालून जेवायला बसायचा, तेव्हा आई म्हणायची, "पागोटं बगून भाकर फुगनार हाय का रं?" शर्यत श्वास रोखून धरावा तेवढ्यात संपायची. टोकाला दादा उडी मारायचा आणि दोघांच्या तोंडात गूळ घालायचा. त्या बैलांना जन्मात एवढंच ठाऊक होतं, जीव खाऊन पळायचं आणि गुळासाठी थांबायचं.

शेवटच्या पटाला टोकाशी भालेवाले उभे होते. दादा जिंकला, पण टाळी वाजली नाही. ढोलवाले तर आधीच निघून गेले होते. जहागीरदाराचा कारभारी बिजल्याच्या पाठीवरून हात फिरवत हसला. "धोंडू, ये जोडी हमारे यां खूब सजेगी." त्याच आठवड्यात शेजारच्या गावात कडब्याच्या गंजी जळाल्या. मग एक अनोळखी माणूस आमच्या विहिरीवर आला आणि मला विचारू लागला, तुमच्या घरात बायका किती? घागर तशीच टाकून मी घरी पळाले.

त्या दुपारी शिवाराबाहेर पडेपर्यंत बैल सुसाट गेले आणि थांबले. माना वळवून दादाकडं बघत राहिले. त्यानं चुचकारलं, थोपटलं, शेवटी कधी नव्हे तो चाबूक उचलला. हलायला तयार नाहीत. बाळंतपणासाठी आईनं गुळाची ढेप बांधून घेतली होती, ती फोडली. खडा तोंडात पडला की दगडधोंड्यांतून गाडी उधळायची, थोडं पुढं जाऊन पुन्हा थांबायची. "हळू हाका वो, हळू," वहिनी म्हणत होती. तिची नखं माझ्या दंडात रुतली होती. पट गाजवणाऱ्या माझ्या भावाला त्या दिवशी बैल हळू चालवता येईनात. मला त्याचा राग आला होता. अजून येतो.

हद्दीचा ओढा दिसू लागला आणि गूळ संपला. मागं धूळ उठली होती, धुळीत दोन घोडी. दादानं जोडी गाडीपासून सोडली, दोघांची तोंडं गावाकडं फिरवली आणि शर्यतीची आरोळी ठोकली. बैल सरळ त्या धुळीत घुसले. घोडेस्वार त्यांच्या मागं वळले, त्यांना जोडीच हवी होती. दादा मोठ्यानं रडत होता. तसाच त्यानं वहिनीला उचललं आणि ओढा ओलांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्यापलीकडं आमच्यासारख्या पळून आलेल्यांची छावणी होती तिथं, वहिनीला मुलगी झाली. ती रडलीच नाही. छावणीच्या कडेला बाभळीखाली दादानं खड्डा खणला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तो वहिनीसमोर जेवायला बसला नाही.

पुढं फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि छावणी हां हां म्हणता रिकामी झाली. गावच्या माणसानं सांगितलं, जोडी जिवंत आहे, कारभारी पळून गेलाय, येऊन घेऊन जा. दादानं गाठोडं खांद्यावर घेतलं. बाबाही उठले. वहिनी बाभळीपाशी बसून होती.

"तुमी जावा," ती म्हणाली. "माझी लेक हितं हाय."

एवढंच. आमच्या त्या चुकीबद्दल तिनं आधी एक शब्द काढला नव्हता, नंतरही कधी काढला नाही. दादानं गाठोडं खाली ठेवलं.

दादानं वऱ्हाडातल्या जिनात कापसाच्या गाठी उचलून संसार केला. बैलांचं पुढं काय झालं, त्यानं कुणाला विचारलं नाही. माझ्या बोलण्यात आता वऱ्हाडी 'काहून' शिरलंय, तरी गाव विचारलं की मी परभणीकडचंच सांगते. वहिनी छावणीच्या त्या गावाचं नाव सांगायची. दादाही तेच सांगायला लागला.