अर्धी चामड्याची, अर्धी जमखान्याची

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज नवा साहेब येई, नवी जीप दिसे. आमच्या अप्पांची मोटार मात्र जुनी, विलायती. हैदराबादच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. त्या वर्षी पाऊस नव्हता. तूर आली नाही म्हणून आमची डाळमिल बंद होती आणि अप्पांना घरात करमत नव्हतं. कोरड्या हवेनं मोटारीच्या सीटांचं चामडं तडकलेलं. ते म्हणाले, "हेच काम काढू आता."

गंजगोलाईच्या बाजारामागं सीटकाम करणारे एक चाचा होते. ते मिलच्या आवारात आले. अप्पांनी आणि मी मिळून सीटा बाहेर ओढल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. जुने खिळे उपटायचं काम माझ्याकडं आलं. चामड्याखालचा काथ्या हात लावला की भुगा होई.

नवं चामडं हैदराबादहून आलं. अप्पा त्यावरून सारखा हात फिरवत होते. आई, म्हणजे आमची अव्वा, लांबूनच बघत होती. आम्ही लिंगायत; चामड्याला अंग लागू नये म्हणून ती त्या मोटारीत बसायची ती मागं, घोंगडी अंथरून, अंग चोरून.

"गळ्यात लिंग आन् बुडाखाली कातडं," ती म्हणाली. "मला न्हाई जमत. तुमची हौस तुम्ही करा."

दुपारी चाचा पुढची लांब सीट मढवायला बसले, तेव्हा अप्पा घरातला जाड जमखाना घेऊन आले. निळ्यालाल पट्ट्यांचा.

"माझ्या बाजूला चामडं लावा. तिकडच्या निम्म्याला हे."

चाचा हसले. "शेठजी, लोग क्या बोलेंगे? एकाच सीटला दोन कपडे?"

"बोलू द्या. तिला शेजारी बसायचंय."

तिनं तसं कधी म्हटलं नव्हतं. पण तिनं ऐकलं, आणि पदर नीट करत आत निघून गेली.

सीटा तयार झाल्या, पण बसवल्या नाहीत. गल्लीतला बोअर आटला होता. आमच्या शेतातल्या विहिरीला तेवढं पाणी शिल्लक होतं. मोकळ्या मोटारीत घागरी, कळश्या आणि तेलाचे रिकामे डबे छान मावत. अप्पा एका पालथ्या डब्यावर बसून मोटार चालवत, सकाळी पाणी भरून आणत आणि गल्लीतल्या बाया भांडी घेऊन मोटारीभोवती उभ्या राहत. अव्वाच म्हणाली, "सीटा राहू द्या बाहेरच. पाऊस पडल्यावर बघू."

मग ती पुढची सीट आमच्या ओसरीवर आली. संध्याकाळी अप्पा चामड्यावर बसत, अव्वा जमखान्यावर. ती ज्वारी निवडायची, ते सुपारी कातरायचे. आमच्या घरात नवरा-बायको असे शेजारी बसत नसत. पहिले दोन-चार दिवस कुणी आलं की अव्वा पटकन उठायची. नंतर उठेनाशी झाली.

"स्प्रिंगा बऱ्या हायेत," एकदा ती म्हणाली.

"चाचांचं काम हाय ते," अप्पा म्हणाले. पण खूश झाले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. सीटा मोटारीत बसवल्या आणि आम्ही अव्वाच्या माहेरी, उदगीरला निघालो. अव्वा पहिल्यांदाच पुढं बसली. नळेगावच्या अलीकडं तिला मळमळायला लागलं. अप्पांनी मोटार कडुलिंबाच्या सावलीत घेतली, तिला पाणी दिलं.

"मागं बसतीस का?"

"नको. हितनं रस्ता दिसायलाय."

मागची अख्खी सीट माझी होती. मी आडवी झाले आणि झोपले. जाग आली तेव्हा मोटार मामांच्या दारात उभी होती, इंजिन बंद. पोचून बराच वेळ झाला असावा. दोघं तशीच बसून हळू आवाजात बोलत होती. काय, ते मला ऐकू येत नव्हतं. मी डोळे परत मिटून घेतले.