बशीरचाचांची वरची कडी

मी एका दारावरच्या घंटीला चिकटपट्टी लावलीती. पहिलं हेच सांगून टाकतो, कारण बशीरचाचांची आणि माझी वळख तिथनंच झाली. चाचांच्या गौरवाच्या या पुस्तकात डॉक्टर, शाळेतल्या बाई, मोठमोठी माणसं लिहिणार हायत. मी कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईल दुरुस्त करणारा, दहावीला तीनदा बसलेला. पण चाचांना पंचाहत्तर पुरी व्हायला लागली आणि मी गप्प बसावं, हे काय मला जमंना.

आमच्या खालच्या मजल्यावर शिंदे वहिनी राहत्यात. त्यांचा सार्थक तवा नऊ वर्षांचा हुता. ऑटिस्टिक. बोलायचा न्हाय, हाक मारली तर वळायचा न्हाय, आणि दार उघडं दिसलं की निघाला. म्हणून सुतारकाम करणाऱ्या बशीरचाचांनी त्यांच्या दाराला पार वर कडी बसवलीती, आणि बाहेरच्या जाळीच्या दाराला पितळी घंटी. कडी माणूस विसरतंय, म्हणून घंटी. मला ह्यातलं काय ठाऊक न्हवतं. दुपारी घरी येऊन जरा डोळा लागला की घंटी वाजायची. एक दिवस गंमत म्हणून तिची जीभच चिकटवून टाकली.

दुसऱ्या दिवशी वहिनी कडी लावायला विसरल्या. घंटी काय वाजली न्हाय. सार्थक गेला.

सगळी गल्ली वरडत सुटली. एक गाडी स्टँडकडं, एक शाहूपुरीकडं. पोलिसांना फोन झाला. चाचांना कळलं तसे ते सायकलवरनं आले आणि वहिनींना म्हणाले, "पोरी, ते पळून जात न्हाय. कुठंतरी जातंय. सकाळपासनं कशाकडं बघत हुतं?"

वहिनी रडत म्हणाल्या, "मागच्या बांधकामावर पाणी मारत्यात, त्याच्याकडं."

"मग स्टँड ऱ्हाऊ दे. पहिलं पाणी बघायचं."

मी त्यांच्यामागनं पळालो. सार्थक बांधकामाच्या हौदाच्या काठावर बसलाता, पाय आत सोडून. मी वरडणार, तवर चाचांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप. दचकला तर आत जाईल."

ते हळूच जाऊन त्याच्यापासनं हातभर लांब बसले. गवंड्याचा डबा भरला आणि बारीक धार जमिनीवर सोडायला लागले. सार्थक धारंकडं बघत बघत त्यांच्याकडं सरकला. पुरता जवळ आला तवा चाचांनी त्याचा हात धरला.

मी तिथंच चाचांना घंटीचं सांगितलं. म्हनलं, आता कानाखाली बसणार. चाचा म्हणाले, "मला नको, त्याच्या आईला सांग." सांगितलं. वहिनींनी दोन ठेवून दिल्या आणि पोराला पोटाशी धरून खालीच बसल्या. जिना उतरताना चाचा मला म्हणाले, "डोकं लई चालतंय की रं तुझं. रविवारी शिडी धरायला ये."

तवापासनं माझे रविवार चाचांचे. सार्थकसारखं पोर असलेल्या नव्या घरी गेले की चाचा पहिला तासभर हत्याराला हात लावत न्हाईत. नुसतं पोराकडं बघत बसतात. हात कुठवर पुरतोय, खुर्ची ओढतंय का, कशाला भुलतंय. मग कडी. तीबी दाराच्याच रंगाची, म्हणजे पोराची नजर जाऊ नये. आणि मोठ्यांना आतनं किल्लीशिवाय उघडता आली पाहिजे. "घरात गॅस पेटला तर किल्ली शोधत बसणार व्हय?" एका साहेबांनी बाहेरनं कुलूप मागितलं. चाचांनी पिशवी उचलली. "साहेब, पोरगं हाय, कोंबडी न्हाय." साहेब "तुम्ही म्हणाल तशी बसवा" म्हणत जिन्यापर्यंत मागं आले.

काम झालं की चाचा पोराला घेऊन गल्लीत फिरतात. भाजीवाली, पानपट्टी, रिक्षावाले, सगळ्यांना तोंडवळख करून देतात. "पावणं, हा एकटा दिसला तर वरडू नका, मागं पळू नका. बरोबर चाला आणि घरी फोन करा." आणि आईला सांगणार, जे बाहेर शोधतंय ते घरात द्या. सार्थक आता रोज न्हाणीत अर्धा तास धार सोडत बसतो, वहिनी शेजारी.

मागच्या महिन्यात नृसिंहवाडीला गेलतो. आठ वर्षांची पोरगी, आणि नदी दहा घरांवर. चाचांचे हात आता थरथरतात. वरचे दोन स्क्रू अर्धेच बसले. ते मला दिसलं, त्यांना दिसलं न्हाय. पोरीच्या बापाला म्हणाले, "आता निवांत ऱ्हावा." मी एसटीत चढता चढता म्हनलं, "चाचा, माझा फोन तिथंच राहिला."

"मुंडकं तरी आणलंयस का?"

पळत गेलो, स्क्रू आवळले, कडीला लोंबकळून बघितलं, परत आलो. आता दर घरी मी काय ना काय विसरतो. चाचा सगळ्यांना सांगतात, "पोरगं कामाचं हाय, पण विसराळू."

अजून लई दारं चाचांची वाट बघत्यात. तेवढं आयुष्य त्यांना मिळू दे, गुडघे शाबूत ऱ्हाऊ देत, शिडी धरायला मी हायच. फक्त एक करा. त्यांना हे पुस्तक कुणी वाचून दाखवणार असंल, तर इथं दोन पानं एकदम उलटा. हात जोडतो, पाया पडतो, स्क्रूचं कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नका.