बोरीवरचे सातभाई

प्रयोगशाळेत दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज पुसत असे. किस्से मात्र तसेच राहिले, आणि एक आठवला की मागून चार येतात.

मॅट्रिक होऊन मी जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये लागले, ते सत्तर सालच्या आसपास. आमच्या सरांना एकच वेड होतं. जनावरं एकमेकांशी अशी का वागतात, आणि आपण माणसं ते कुठून शिकलो?

*

सरांनी लॅबमागे सहा कोंबड्या ठेवल्या. दाणे टाकले की कोण कोणाला टोचतं, ते मी लिहायचं. आठ दिवसांत उतरंड ठरली. पहिली सगळ्यांना टोचते, शेवटची कोणालाच नाही. सरांनी मोठ्या उत्साहाने शिपाई दगडूभाऊंना ती यादी दाखवली.

दगडूभाऊ म्हणाले, "सर, अशी यादी ऑफिसात आहेच की. सीनिऑरिटी लिस्ट."

*

वानरं एकमेकांचे केस निवडतात ते स्वच्छतेपेक्षा सलोख्यासाठी, असं सरांनी वर्गात सांगितलं. मी घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं. त्या माझ्या मुलीच्या उवा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सलोखा राहू दे. आधी ती फणी दे."

*

जळगावजवळच्या असोद्याला नाना नावाच्या शेतकऱ्याच्या केळीच्या मळ्यात, बांधावरच्या बोरीवर सातभाई पक्ष्यांचं घरटं होतं. सरांनी सातही पक्ष्यांच्या पायांत वेगवेगळ्या रंगांच्या कड्या घातल्या. कोण किती वेळा चारा आणतो, ते रोज वहीत लिहायचं. पिलं दोघांची, पण चारा सातही जण आणत!  मी धावत जाऊन मळ्यात तण निंदणाऱ्या बायांना सांगितलं.

त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या गंगूअक्का म्हणाल्या, "यात काय नवल हाये, बाई? माह्या पोरायले बठ्ठ्या गल्लीनं, घराघरानं जेवू घातलं. म्या निंदायले येऊ, का चूल फुंकू?"

*

नानांना ती बोर तोडायची होती. सरांनी हात जोडले, "नाना, पिलं उडेपर्यंत थांबा."

"थांबतो. पन माह्या घरी कोन किती काम करतं, हेबी एकडाव लिहून द्या."

*

पिलं उडायला चार दिवस उरले आणि सर नानांच्या ओसरीवर थंडीतापाने आडवे झाले. मी जळगावला, प्रॅक्टिकल परीक्षा चालू. ते चार दिवस वहीत कोरे राहिले तर सरांची दोन वर्षांची मेहनत अर्धवट राहणार होती. बोर तर पुढच्या वर्षी नसणारच.

पाचव्या दिवशी मी पोचले. घरटं रिकामं. सर कांबळं पांघरून बोरीखाली बसले होते. म्हणाले, "चार दिवस कोरेच गेले, ताई."

गंगूअक्का आम्हाला बांधाआड घेऊन गेल्या. तिथे ओळीने मडकी मांडलेली. प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत चिंधी, कड्यांच्याच रंगांची. चाऱ्याची एक खेप, की त्या पक्ष्याच्या मडक्यात एक खडा. बायांनी पाळीपाळीने चारही दिवस राखण केली होती.

सर मातीत बसून खडे मोजू लागले. सात मडकी झाली. आठव्याला पांढरी चिंधी होती.

"अक्का, हे कोणाचं? पांढऱ्या कडीचा पक्षी आपल्यात नाही."

"ते तुमचं, सर," अक्का म्हणाल्या. "तापात आमी साऱ्यायनं तुमाले दूधभाकर आनली, त्याचे खडे."