ताणा ओला हाय, कडेनं चला

माझ्या आजोबांनी मेलेल्या माणसालाही माफ केलं नाही.

आज त्यांची पुण्यतिथी. मुद्दाम लिहितेय, कारण सकाळपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर "तातय्या किती क्षमाशील होते" चालू आहे.

नव्हते. अजिबात नव्हते.

तातय्या म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. लहानपणी आईबापाचं बोट धरून तेलंगणातून सोलापुरात आले, पोटासाठी. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि दिवसभर हातमाग.

पुढे हाच माणूस शहराच्या म्युनिसिपालिटीचा प्रेसिडेंट झाला. आजच्या भाषेत मेयर.

लोक विचारतात, कसे काय झाले? रागानं झाले.

त्या काळी ताणा मागावर चढवण्याआधी त्याची पांजणी करायचे. म्हणजे उभे धागे रस्त्यावर लांबच लांब ताणायचे आणि कुंच्यानं पिठाची खळ लावायची. ताणा ओला असेपर्यंत तो कुणी ओलांडायचा नाही. लग्नाची वरात आली तरी कडेनं जायची.

हे अख्ख्या पेठेला माहीत होतं. रावसाहेबांनाही.

रावसाहेब म्हणजे पेठेच्या टोकाला बंगला असलेले बडे गृहस्थ. म्युनिसिपालिटीचे जुने मेंबर. खरं नाव लिहीत नाही, तो मान मी त्यांना देणार नाही.

एका सकाळी तातय्यांचे वडील पांजणी करत होते. समोरून रावसाहेबांची बग्गी आली. म्हातारा हात जोडून आडवा आला.

"मालक, ताणा ओला हाय. जरा कडेनं घ्या की."

बग्गी ताण्यातूनच गेली.

वर रावसाहेब मान वळवून म्हणाले, "रस्ता तुझ्या बापाचा आहे का? आलात तसे जा परत आपल्या मुलखात."

म्हातारा तिथंच धुळीत बसून तुटलेले धागे सांधत राहिला. सांधून काय होणार होतं? त्यानंतर त्यानं मागाला हात लावला नाही. अंथरूण धरलं आणि त्यातच गेला.

तातय्या तेव्हा तरणेताठे होते. बग्गीमागे धावले नाहीत, दगड मारला नाही.

इलेक्शनला उभे राहिले.

पहिल्यांदा आपटले. पुन्हा उभे राहिले, मेंबर झाले. सभेत त्यांचं मराठी ऐकून रावसाहेब आणि मंडळी फिदीफिदी हसायची. हसू देत. तातय्यांनी गल्लीत नळ आणले, दिवे आणले. मराठी, मुसलमान, तेलुगू, सगळ्यांच्या दारात बसून चहा प्यायले. आणि एक दिवस रावसाहेबांच्या डोळ्यांदेखत प्रेसिडेंटच्या खुर्चीत जाऊन बसले.

पहिलाच ठराव काय केला असेल?

पांजणी चालू असताना त्या रस्त्यावर गाडी-घोडं बंद. जायचं तर पायी, आणि कडेनं.

हे सांगताना माझी आजी, आमची अव्वा, पदर तोंडाला लावून हसायची. कारण प्रेसिडेंट झाल्यावरही तातय्या कचेरीत जाण्याआधी कुंचा घेऊन रस्त्यावर हजर. रावसाहेब धोतर वर धरून गटाराच्या काठाकाठानं यायचे. तातय्या अगदी अदबीनं नमस्कार घालायचे.

"या रावसाहेब. जरा सांभाळून. ताणा ओला हाय."

रोज. पावसाळा सोडला तर रोज.

मग रावसाहेब वारले.

तिरडी नेमकी पांजणीच्या वेळी आली. लोक ताणा उचलायला धावले. तातय्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

अव्वा त्यांच्या कानाशी लागली. "मेल्या माणसाशी कसलं वैर?"

"माझा बाप पण मेलाय की."

तिरडी कडेनं गेली. खांदेकऱ्यांचे पाय गटारात. रावसाहेबांचा मुलगा मडकं धरून चालला होता आणि वळून वळून तातय्यांकडे बघत होता.

गावभर छी-थू झाली. पुढचं इलेक्शन तातय्या हरले आणि गुपचूप मागावर येऊन बसले. पश्चात्ताप? नाव नको.

काही वर्षांनी तेही गेले. मागावरच, छातीत कळ येऊन.

त्या दिवशी पेठेतले सगळे माग बंद. कुणीच ताणा अंथरला नाही, रस्ता रिकामा. आणि रावसाहेबांचा मुलगा, आता तोही मेंबर, हार घेऊन दारात उभा. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज रस्ता मोकळा आहे. यांना मधून न्या. आम्ही मनात काही ठेवत नाही."

लोकांचे डोळे पाणावले. काय मोठं मन!

अव्वा उठली.

"घरातला ताणा बाहेर काढा. अंथरा."

"अगं, सुतकात ताणा?" तिची नणंद किंचाळली. प्रेत दारात असताना मागाच्या कामाला हात लावायचा नसतो, ही आमच्यातली रीत.

अव्वानं कुणाचं ऐकलं नाही. जावांनी मुकाट्यानं ताणा ताणला. तिनं कालच्या उरलेल्या खळीत कुंचा बुडवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः ओला केला. नवऱ्याची तिरडी थांबून राहिली.

मग रावसाहेबांच्या मुलासमोर येऊन तिनं हात जोडले.

"ताणा ओला हाय. कडेनं चला."

तातय्या कडेनं गेले. आणि त्यांच्यामागून, हार सांभाळत, गटारातून, तो.

आता त्या रस्त्याला रावसाहेबांचं नाव दिलंय. निळा बोर्ड आहे, दिवाळीला वर लायटिंगही असते. तातय्यांच्या नावाची साधी पाटी कुठं नाही.

असू दे. पांजणी कधीच बंद झाली, रस्ता सगळ्यांना मोकळा आहे. मी मात्र अजून कडेनंच चालते. माझी नातवंडंसुद्धा.

तातय्या, तुमच्या रागाला माझा नमस्कार.

कुणालाही माफ केलेलं नाही. निवांत झोपा.