कार्त्यायनीचा पहिला नमस्कार

अठ्ठावन्नाव्या वर्षी कार्त्यायनी कासोटा कसून कळरीत, म्हणजे केरळी युद्धकलेच्या आखाड्यात, कसरत शिकायला गेली, तर तिथला गुरू, म्हणजे तिचाच धाकटा भाऊ कुंजिरामन, दारात आडवा उभा राहिला.

"चेची, नवशिक्याला गुरूच्या पाया पडावं लागतं. थोरल्या बहिणीला पाया पडू दिलं तर पाप लागेल मला. घरी जा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं इथे शिकणाऱ्यांच्या मालिशचं तेल तिनेच तापवलं होतं, आखाडा खिडकीतून बघत.

"लहानपणी मुलगी म्हणून नको, आता मोठी म्हणून नको. माझं वय नेमकं बरोबर कधी होतं, कुंजिरामा?"

ती त्याला बाजूला सारून उजव्या पायाने आखाड्यात उतरली, जमिनीला हात लावला आणि कोपऱ्यात, गेलेल्या गुरूंच्या पूजेच्या ओट्यापुढे वाकली.

"मी पाया पडले ती यांच्या. तुझं पाप वाचलं," ती उठत म्हणाली. "आता पाय उचलायला शिकव. सरळ राहायचा तो तुझा डावा गुडघा वाकतो, तेवढं सोडून."