विषुववृत्तावरचं रोप

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजातल्या आमच्या ऑफिसात एसीवरून रोज भांडण व्हायचं. आम्ही म्हणायचो, कमी करा. अकाउंट्समधली केनियाची बाई मात्र नेमकी त्याच्याखाली बसायची. "ब्रदर, आत्ता कुठे घरासारखं वाटतंय."

तिचं गाव विषुववृत्तावर. मी म्हटलं, "विषुववृत्तावर थंडी? यल्ला, चल, कुणाला सांगतेस!"

"स्वेटर घालून शाळेत जायचो आम्ही," ती म्हणाली. मग तिने हवेत हात चढवत मला त्यांचा डोंगर दाखवला. खाली केळी, वर चहा, त्याच्या वर बांबूचं रान, मग धुक्यात माणसाहून उंच वाढलेली कसलीशी झुडपं आणि टोकाला बर्फ. दर टप्प्याला झाडं वेगळी, पाखरं वेगळी. माझ्या शाळेच्या नकाशात विषुववृत्ताचा सगळा पट्टा लालभडक होता. मला वाटलं, बाई फेकतेय.

उन्हाळ्यात तिची आई आजारी पडली. घाईघाईत निघताना तिने टेबलावरची कुंडी माझ्या हातात दिली, कारण बाकीचे सगळे शेअरिंगमध्ये, एका खोलीत चौघे-पाचजण राहणारे, घरसंसारवाला मीच. आईने डोंगरावरून आणलेल्या बियांचं रोप. मखमली पानं, चुरगाळली की लिंबासारखा वास. "मी येईपर्यंत सांभाळ," एवढंच म्हणाली.

अजमानच्या फ्लॅटवर बायको म्हणाली, "अहो, हॉलमध्येच ठेवू या. बाहेर भाजून निघेल."

"अगं, विषुववृत्तावरचं आहे ते. त्याला उन्हाचं काय कौतुक!"

कुंडी बाल्कनीत गेली. मुलगी दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "पप्पा, इट्स नॉट हॅपी." मी पाणी वाढवलं. बघता बघता रोपाची काडी झाली.

पुढे एका शुक्रवारी आम्ही अल ऐनच्या डोंगरावर गेलो. पायथ्याशी गाडीची काच खाली करवत नव्हती आणि वर चक्क गार वारा. मुलीने विचारलं, "पप्पा, वुई आर क्लोजर टू द सन, सो व्हाय इज इट कूल?" मी सांगू लागलो, की उंचावर हवा विरळ, ती ऊब धरून ठेवत नाही, म्हणून चढावं तसं गार. सांगता सांगता मला ऑफिसातल्या त्या बाईचा हवेत चढत गेलेला हात आठवला. एवढ्याशा चढणीने एवढा फरक, तर बर्फाच्या डोंगरावर काय असेल? म्हणजे ती खरंच बोलत होती. रोप विषुववृत्तावरचं खरं, पण वाढलेलं गारव्यात. आणि मी ते अजमानच्या ऑगस्टमध्ये ठेवलं होतं.

ती परतली ती आईला माती देऊनच. पर्समधून कागदाची पुडी काढली. त्याच बिया.

"घरातून एवढंच आणलंय. आपलं रोप कसंय?"

"गेलं गं."

"कुठे ठेवलं होतंस?"

"आत. एसीत."

असं का म्हणालो? मला खरंच कळत नाही. ती रागावली असती, दोन दिवस बोलली नसती, बास. तिने तोंडावर हात फिरवला. "एसीतही गेलं? मग या मातीत नाहीच जगायचं ते. खलास." पुडी पुन्हा पर्समध्ये गेली. वर मला म्हणाली, "थँक्यू, ब्रदर. तू तरी काळजी घेतलीस."

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाली हो? चिडली?"

"नाही," मी म्हणालो, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर तिच्या टेबलावर कुंडी दिसली नाही. वर्षभर ती एसीखाली बसायची, मी समोर. 'बाल्कनीत' हा एक शब्द सांगायचा होता. मग तिने नोकरी बदलली.

आता दुबई मरीनातल्या उंच इमारतीत राहतो, घरात कुंड्या ठेवतो, सगळ्या आत. नर्सरीत गेलो की माळ्याला हटकून विचारतो, कागदात ठेवलेलं बी किती वर्षं जगतं? एक म्हणतो दोन, दुसरा म्हणतो गार जागी ठेवलं तर बरीच. गार जागी. ती पुडी तिच्या गावाला परत गेली असेल तर, असं मनाशी म्हणतो, आणि पुढच्या नर्सरीत पुन्हा तेच विचारतो.