साइटवरच्या अनुभवाची अट

“मॅडमला वर कशाला चढवतोस? तिचं इंग्लिश चांगलंय, तिला मेल लिहू दे.”

पत्र्याच्या साइट ऑफिसची खिडकी उघडी होती. बाहेर चहा पीत उभ्या असलेल्या आमच्या प्रोजेक्ट इंजिनियर सरांना वाटलं असावं, मला ऐकू येत नाही. सुपरवायझर हसला. “बरोबर साहेब. वर ऊन पण लई आहे.” मी टाइप करत राहिले.

बदलापूरहून चामटोलीकडे जाताना ही इमारत लागते. सिव्हिलची पदवी घेऊन मी इथे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आर्किटेक्टला पाठवायचं पत्र पटकन लिहून दिलं. तेच नडलं. बिलं, पत्रं, सिमेंट आणि सळ्यांच्या नोंदी, सगळं माझ्या टेबलावर आलं.

स्लॅब भरायच्या दिवशी वर नारळ फुटायचा आणि खोबऱ्याचा तुकडा कोणीतरी खाली आणून द्यायचं. दुपारी ठेकेदाराकडून सगळ्यांना बिर्याणी. वरून हसणं ऐकू यायचं, आणि माझी प्लेट वर्तमानपत्राने झाकून खाली यायची. मॅडमला आपल्यात बसायला आवडत नाही, असा त्यांचा समज. बोलावलं तर जाईन, असं माझं. आपापसात मराठी बोलणारी ही माणसं माझ्याशी मात्र हिंदीत बोलत. मी विठ्ठलवाडीजवळच्या कॅम्प तीनमधल्या इंग्रजी शाळेत शिकले, ते चेहऱ्यावर दिसत असेल. घरी आम्ही मराठीच बोलतो, हे सांगायचं राहून गेलं, आणि मग उशीर झाला.

कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या मास्टर्सचा फॉर्म मी कोणालाही न सांगता भरत होते. मार्क होते, प्रवेश परीक्षा झाली होती, कॉलेजच्या सरांची शिफारस आली होती. राहिली होती एकच अट : वर्षभराचा साइटवरचा अनुभव, वरिष्ठांच्या सहीने. मुदत त्या शुक्रवारी संपत होती.

साइटवरच्या सरांना त्या सहीचं विचारलं तर ते म्हणाले, “अगं, तूच टाइप करून आण. मी सही करतो. सगळीकडे असंच असतं.”

विठ्ठलवाडीच्या घरी बसून, साइटवर मी जे काम करत होते तेच लिहिलं. सरांनी दुसऱ्या दिवशी ते वाचलं आणि मान हलवली.

“हे वाचून तुला कोण घेणार? क्लार्क वाटतेस.” त्यांनी पेन काढलं आणि माझ्या दोन ओळींच्या मधे लिहिलं, की मी सर्व स्लॅबच्या कामावर देखरेख केली. “हे घालून प्रिंट काढ. कोण विचारायला येतंय!”

ते माझ्या भल्यासाठीच करत होते, म्हणून जास्त अवघड झालं. मी त्यांच्या अक्षराकडे बघत राहिले. मुलाखतीत कोणी विचारलंच, काँक्रीट पडायला लागल्यावर तू आधी काय बघतेस, तर पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. प्रत्यक्षात एकही स्लॅब भरताना मी पाहिला नव्हता. वर्षभर त्याच्या खाली बसले होते.

सर हेल्मेट घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्याचा स्लॅब होता.

“काढलीस का प्रिंट?”

“नाही सर. या वर्षी मी फॉर्म भरत नाही. उद्या सकाळपासून मी वर उभी राहणार आहे, मेल दुसरं कोणीतरी लिहील.”